उंदरांचा कुलवृत्तांत

नमस्कार मंडळी. आज मी उंदरांवर बोलणार आहे, आणि हे ऐकून दोनचार घरांत तरी रेडिओचा आवाज बारीक झाला असणार, कारण माझ्या सख्ख्या वहिनीनेच काल फोनवर सांगितलं की अगं ऐन जेवणाच्या वेळेला लागतो तुझा कार्यक्रम, दुसरा विषय नव्हता का. नव्हता! ३२ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं मी, वाघाबद्दल बोलायला सगळे पुढे, उंदराला कोण विचारतं. गणपतीत दहा दिवस त्याच्यापुढे मोदक ठेवायचा आणि विसर्जन करून आलो की पिंजरा शोधायचा, हे आपलं प्रेम.

तर सुरुवात घरापासूनच करते. इथे रामबागेत माझ्या आजोबांचा वाडा होता, लाकडी जिना, वर माळा, आणि माळ्याच्या झरोक्यात गव्हाणी घुबडांची एक जोडी. शेजारच्या काकू म्हणायच्या अपशकुनी आहेत, हाकला. आजी म्हणायची, आमची गव्हाची कोठी त्यांच्यामुळे शाबूत आहे, तुमच्या घरी पाठवू का? झरोक्याखाली फरशीवर अंगठ्याएवढे काळे, वार्निश लावल्यासारखे चकचकीत गोळे पडलेले असायचे. आम्ही पोरं त्याला शी समजायचो. मी अकरावीत गेल्यावर आमच्या सरांनी सांगितलं की ती शी नाही, ती उलटी आहे, घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून तोंडातून टाकतं, ह्याला पेलेट म्हणतात. मग काय, मी आईची एक स्टीलची वाटी घेतली, कोमट पाणी घातलं, आणि गोळा भिजत टाकला. (ती वाटी आईने नंतर स्वयंपाकघरात परत कधी घेतली नाही.) तासाभराने टाचणीने उकलला तर आधी नुसते करडे केस, नमद्यासारखे, आणि मग आतून एक कवटी निघाली, शेंगदाण्यापेक्षा जराशी मोठी. आणि दात! पुढचे दोन दात चक्क नारिंगी. मला वाटलं काही लागलंय, घासून पाहिलं, जाईना. पुष्कळशा कृंतकांच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, पुढच्या दातांच्या वरच्या थरात लोह असतं, त्याने दात कणखर होतो आणि रंगही येतो. त्या एका गोळ्यात तीन कवट्या होत्या. त्यातली एक लांबट तोंडाची, पांढऱ्या दातांची, ती चिचुंद्री, आणि चिचुंद्री उंदीर नव्हे बरं का, तिचं कूळ पार वेगळं, ती किडे खाते. खार उंदराची भाऊबंद, साळिंदर भाऊबंद, शेकरूसुद्धा, पण चिचुंद्री नाही आणि ससाही नाही. हे मी दरवर्षी शिकवायचे आणि दरवर्षी पोरं पेपरात चुकायची.

आता हा माळा डोळ्यापुढे ठेवा आणि त्याच्या जागी एक गुहा कल्पना करा, जिथे घुबडं पन्नास वर्षं नाही, हजारो वर्षं राहिलीत, पिढ्यान्‌पिढ्या, आणि खाली तो कचरा साठत गेलाय, त्यावर माती, त्यावर परत कचरा. म्हणजे खालून वर जात गेलं की त्या त्या काळात त्या भागात कोणते उंदीर होते त्याची वहीच. माणसाने इतका नीट हिशोब कधी ठेवला नाही.

आणि हवामानाचा हिशोब ठेवायचा तर हत्तीपेक्षा उंदीर बरा. हत्तीला पाणी संपलं तर तो चालत शंभर कोस जाईल. उंदीर कुठे जाणार? जन्मला त्या शेताच्या बांधापलीकडे तो फारसा जातच नाही. घरातली उंदरीण तीन आठवड्यांत विते, तिची पिल्लं दीडेक महिन्यात स्वतः आईबाप व्हायच्या लायकीची होतात, म्हणजे आपल्या एका पिढीत ह्यांच्या शंभर तरी पिढ्या सहज. ऊन, थंडी, पाऊस, गवत, सगळ्याचा फटका त्यांना लगेच बसतो आणि लगेच दिसतो.

शेवटचं हिमयुग अगदी कडाक्यात होतं साधारण २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी. समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता, इतकं पाणी बर्फात अडकलेलं, आणि स्कँडिनेव्हिया तर अख्खाच्या अख्खा बर्फाखाली. मी कॉलेजात वर्षानुवर्षं हे शिकवलं की थंडी वाढली तसे युरोपातले प्राणी दक्षिणेला सरकले, स्पेन, इटली, बाल्कन, आणि बर्फ वितळल्यावर परत वर आले. फळ्यावर बाण काढायचे मी, खाली जाणारे निळ्या खडूने, वर येणारे लाल खडूने. सोपं होतं, मुलांना आवडायचं, आणि अर्धंच खरं होतं.

हे अर्धंच खरं आहे ते कळलं कसं, तर उंदरांच्या कुलवृत्तांतावरून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तो जाडजूड ग्रंथ असेल, कोकणातून निघालेला मूळपुरुष, त्याची तीन मुलं, एक पुण्याला राहिला, एक होळकरांबरोबर माळव्यात आला, एकाचा वंश खुंटला, आणि मुलींच्या नावापुढे फक्त 'दिली देवासला' एवढंच. उंदरांचा कुलवृत्तांत नेमका उलटा असतो. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची छोटी अंगं असतात, त्यांचा डीएनए फक्त आईकडून येतो, तर तो वाचत गेलं की आई, आजी, पणजी अशी बायकांची ओळ मिळते, बापांचा पत्ता नाही. ह्या डीएनएत अधूनमधून एखादं अक्षर बदलतं आणि पुढे तसंच चालत राहतं. मग दोन उंदरांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजायचं आणि त्यावरून त्यांची सामाईक पणजी किती मागे होती ते काढायचं.

आणि गंमत म्हणजे ह्यातून नुसतं नातं नाही, तर किती जण होते हेही कळतं. समजा एखाद्या जमातीवर भयंकर काळ आला, मूठभरच वाचले, आणि मग दिवस पालटले आणि ते भराभर वाढले, तर त्यांचा वंशवृक्ष झाडासारखा दिसतच नाही, केरसुणीसारखा दिसतो! एका गाठीतून एकदम शेकडो काड्या, सगळ्या जवळपास सारख्या लांबीच्या. आणि जी जमात हजारो वर्षं बऱ्यापैकी मोठी राहिली तिचा वृक्ष आपल्या वडासारखा, जुन्या फांद्या, त्यांना पारंब्या, सगळं गुंतलेलं. मी हे शिकवताना खरंच वर्गात केरसुणी घेऊन गेले होते, शिपायाला वाटलं बाईंना वर्ग झाडायचाय.

तर आता लेमिंग, त्यातला कॉलर्ड लेमिंग. हा उत्तरेच्या टुंड्रातला, म्हणजे झाडं नसलेल्या गोठलेल्या माळावरचा, गुबगुबीत उंदीर, हिवाळ्यात पांढरा होतो, बर्फ उकरायला पुढच्या पायाची नखंही वाढतात. हे लेमिंग कड्यावरून उड्या मारून आत्महत्या करतात ही जी गोष्ट लोक सांगतात ती साफ खोटी आहे, कृपा करून कुणी सांगू नका, मला त्या गोष्टीचा फार राग येतो. आज ते रशियाच्या अगदी उत्तरेला राहतात, पण हिमयुगात बेल्जियमपर्यंत होते. तिथल्या त्रू अल्वेस नावाच्या गुहेत थराथराने त्यांची हाडं मिळाली, थंडीमुळे आत डीएनए टिकलेला, आणि २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वरवर बघायला गेलं तर सगळ्या थरांत लेमिंग आहेतच, म्हणजे वाटेल की हजारो वर्षं बिचारे तिथे सुखाने नांदत होते. पण डीएनए वाचल्यावर दिसलं की हे एक घराणं नाहीच. एकामागून एक पाच वेगवेगळे वंश! एक आला, राहिला, पूर्ण संपला, मग पूर्वेकडून दुसरा येऊन त्याच जागी बसला, तोही संपला.

आमच्या वाड्याचंच बघा ना. रस्त्यावरून जाणाऱ्याला तीस वर्षं तोच वाडा, तोच जिना, तीच खिडकी. आत आधी आम्ही होतो, मग एक बँकेतले गृहस्थ, मग शिवणक्लास, मग कुणी. बाहेरच्याला काय कळणार आत कोण बदललं ते. लेमिंगांचंही तसंच झालं, आणि आम्ही शिकवत होतो की वाड्यातली माणसं उन्हाळ्यात गावाला जातात आणि परत येतात! ती परत आलीच नव्हती, ती गेलीच होती, जी आली ती दुसरीच होती. हिमयुगातसुद्धा अधूनमधून अचानक ऊब यायची, काही शतकं टिकायची, टुंड्रा आक्रसायची, आणि दक्षिणेकडच्या लेमिंगांना पळायला जागाच नसायची. मला ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्याच काळात मॅमथसारखी मोठी जनावरंही अडचणीत होती, आणि त्याचं सगळं खापर माणसाच्या भाल्यावर फोडायची पद्धत आहे, पण लेमिंगला कोण भाला मारणार? त्यालाही तेच भोगावं लागलं म्हणजे नुसता भाला नव्हता, ऋतूच बिघडले होते.

युरोपातच बँक व्होल म्हणून तांबूस पाठीचा एक जंगली उंदीर आहे, त्याने तर माझे निळे बाण पुसूनच टाकले. २००६ मध्ये असं समोर आलं की ह्यांच्यातले काही स्पेन-इटलीला गेलेच नव्हते, ते मध्य युरोपात कार्पेथियन डोंगरांच्या कुशीत तसेच दबा धरून बसले, जिथे दऱ्यांत थोडीफार झाडं टिकली असणार, आणि पुढे युरोपभर पसरले त्यात ह्यांचा वाटा मोठा. ब्रिटनमध्ये तर बर्फ गेल्यावर हे दोन खेपांत शिरले, तेव्हा ब्रिटन बेट नव्हतं, जमिनीने जोडलेलं होतं. दुसऱ्या खेपेच्या उंदरांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन जरासं वेगळं होतं, एका अमिनो आम्लाचा फरक, पण त्याने रक्तपेशींना बरं संरक्षण मिळतं. आज दक्षिण ब्रिटनमध्ये ह्या नव्या हिमोग्लोबिनवाल्यांचं राज्य आणि वर स्कॉटलंडकडे जुन्यांचं. म्हणजे वाड्याचे नवे भाडेकरू अर्ध्या वाड्यात, जुने मागच्या दोन खोल्या अडवून बसलेले, अगदी कोर्टात केस चालू असल्यासारखे.

अमेरिकेतली गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, जेवत असाल तर दोन मिनिटं हात थांबवा. तिथल्या वाळवंटी भागात पॅकरॅट नावाचा उंदीर आहे, भयंकर संग्रही, आमच्या आत्यासारखा, काटक्या, पानं, बिया, निवडुंगाचे काटे, जे दिसेल ते कपारीत आणून टाकतो आणि त्या ढिगावरच लघवी करतो. कोरड्या हवेत ती लघवी सुकून दगडासारखी होते, राळेसारखी तपकिरी, चमकणारी, आणि आतलं सगळं त्यात जाम होतं, ४०,००० वर्षंसुद्धा टिकतं. १८४९ साली सोन्याच्या नादाने निघालेल्या एका टोळीला नेवाडात असे गोळे दिसले, भुकेले होते, त्यांना ती काहीतरी चिक्की वाटली आणि त्यांनी ती खाल्ली. गोडसर लागली म्हणे. मग पोटं बिघडली.

तर ह्या ढिगांतल्या पानांवरून तेव्हा तिथे कोणती झाडं होती ते कळतं, पण १९९५ च्या एका अभ्यासात तर थेट लेंड्यांची रुंदी मोजली, कारण उंदीर जितका मोठा तितकी लेंडी जाड. आणि काय दिसलं, की गेल्या २५,००० वर्षांत जेव्हा जेव्हा थंडी वाढली तेव्हा उंदीर आकाराने मोठे झाले आणि गरम झालं तसे लहान. मोठ्या शरीराची ऊब लवकर जात नाही, एवढंच कारण, मोठं पातेलं हळू निवतं आणि वाटीतली आमटी लगेच गार होते तसं. म्हणजे हे गेले नाहीत, मेले नाहीत, तिथेच राहून अंगानेच बदलले. मला हे तिन्हींत सगळ्यात हुशार वाटतात.

आता आपल्याकडे या, कारण इथे बर्फ नव्हता, इथे सगळा खेळ पावसाचा. हिमयुगाच्या कडाक्यात आपला मान्सून दुबळा झाला होता. वाळू थरच्या वाळवंटाबाहेर पडून गुजरातपर्यंत आली, मेहसाणा जिल्ह्यात लांघणजला पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया ह्यांनी १९४० च्या दशकात खोदकाम केलं ती मध्याश्मयुगीन वस्ती अशाच जुन्या, थांबलेल्या वाळूच्या टेकाडावर आहे. पुढे पाऊस परत वाढला, राजस्थानातले डिडवाना, लुणकरणसरसारखे तलाव भरले आणि मग काही हजार वर्षांनी परत आटले. वाळू पुढे-मागे होते तेव्हा उंदीर काय करत असतील ह्याचा एक नमुना आपल्या डोळ्यांसमोरच घडला आहे. जोधपूरच्या काझरी ह्या कोरड्या प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत ईश्वर प्रकाश ह्यांनी आयुष्यभर वाळवंटातले उंदीर अभ्यासले. इंदिरा गांधी कालवा आला, कोरड्या वाळूत पाणी फिरलं, पिकं उभी राहिली, आणि तिथला मूळचा वाळवंटी उंदीर, जो दिवसाढवळ्या बिळाबाहेर उभा राहून इकडेतिकडे बघतो, तो कमी होत गेला आणि ओल आवडणारे, मऊ केसांचे शेतउंदीर वगैरे मंडळी आत शिरली. म्हणजे हजारो वर्षांत पाऊस जे करतो ते कालव्याने काही दशकांत करून दाखवलं, परत तेच, वाडा तोच भाडेकरू नवे.

पण आपल्याकडचं सगळं चित्र असं नाही, आणि इथे मला जरा अभिमान वाटतो, कशाचा ते विचारू नका, उंदरांचा अभिमान कुणाला सांगायचा. आंध्रात कुर्नूलकडे बिल्लासुर्गम नावाच्या गुहा आहेत. १८८४ च्या सुमारास भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री ह्यांनी तिथे खणून पोतीभर हाडं काढली होती. त्याच गुहांवर नव्याने काम होऊन २०१४ मध्ये जे छापून आलं त्यात असं की तिथे ओळखू आलेल्या २१ सस्तन प्राण्यांपैकी २० प्राणी निदान १ लाख वर्षांच्या, आणि त्यातले काही तर २ लाख वर्षांपर्यंतच्या उलथापालथीतून पार झाले. ह्या २ लाख वर्षांत दोन हिमयुगं आली, ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रात टोबाचा महाभयंकर ज्वालामुखी फुटला, त्याची राख आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातसुद्धा सापडते, तरी ही मंडळी जागा धरून. कारण असं सांगतात की आपल्याकडे जंगल, माळ, नदीकाठ, डोंगर सगळं जवळजवळ आणि एकमेकांना जोडलेलं, एक बिघडलं तर दोन कोसांवर दुसरं. युरोपातल्या लेमिंगला हे सुख नव्हतं, त्याला टुंड्रा म्हणजे टुंड्राच पाहिजे.

ह्याचं छोटं रूप सांवेरजवळ मामाच्या शेतात मी लहानपणी बघितलंय. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्या भेगांत हे मऊ केसांचे शेतउंदीर आयतेच राहतात, बीळ खणायचे कष्टच नाहीत. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात, आणि पहिल्या जोरदार सरीनंतर उंदीर बांधावर, गवताच्या गंजीत, मामाच्या खळ्यातल्या खोलीत, सगळीकडे. मामी म्हणायची आले पाहुणे. दिवाळीनंतर जमीन वाळली की परत शेतात. आणि बांधात जो दुसरा, काळपट, दांडगा उंदीर असतो, घुशीचा धाकटा भाऊ म्हणा, त्याचं बीळ एकदा मामाच्या गड्याने खणलं, तोंडाशी मातीचा ढिगारा लावून बंद केलेलं असतं ते, आत वळत वळत गेलं, आणि शेवटी एका कप्प्यात गव्हाच्या ओंब्या, देठाकडून कातरून नीट रचलेल्या, अर्धी टोपली भरली. मामा आधी शिव्या देत होता, मग बघतच राहिला. जास्त दुष्काळात हे फार मरतात, आणि त्यानंतर एक चांगला पाऊस झाला की असे वाढतात की विचारू नका, सौराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना विचारा.

आणि शेवटी घरातला. हा मूळचा आपल्या उपखंडाच्या वायव्येकडून इराणपर्यंतच्या पट्ट्यातला असावा. तो माणसाला चिकटला कधी, तर आपण समजतो शेती आली, कोठ्या भरल्या, तेव्हा. पण तसं नाही! २०१७ च्या एका अभ्यासात इस्रायल-जॉर्डनकडच्या जुन्या वस्त्यांतले उंदरांचे दात तपासले, तर १५,००० वर्षांपूर्वी, शेतीच्या कितीतरी आधी, शिकारी माणसं नुसती एका जागी जास्त दिवस राहायला लागली तेव्हाच घरउंदीर वाढले आणि रानातला आखूड शेपटीचा उंदीर मागे पडला. माणसं परत भटकायला लागली की रानातला परत वरचढ. म्हणजे आजीची कोठी यायच्या आधीच ही जोडी जमली होती.

मला काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत. तर ज्यांच्या घराजवळ जुनं देऊळ असेल, पडका वाडा असेल, वर झरोक्यात पांढऱ्या तोंडाचं घुबड असेल, त्यांनी खाली बघा, गोळे मिळतील. उघड्या हाताने उचलू नका, पिशवीत हात घालून उचला, कोमट पाण्यात तासभर ठेवा, टाचणीने हळू सोडवा, कवटी आली की आधी पुढच्या दातांचा रंग बघा. आणि वाटी स्वयंपाकघरातली घेऊ नका. नमस्कार.